सही आपली, मजकूर कुणाचा?



‘हल्लीच्या पोरांना साधा अर्ज लिहिता येत नाही, टक्केवारी काढता येत नाही, आणि म्हणे बी. ए., बी. कॉम. झाले!’ कर्जत-खालापूर भागात फिरताना हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकले असेल याची मोजदाद नाही. प्राध्यापकांच्या खोलीत ऐकले, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ऐकले, कारखान्यासाठी मुली निवडणाऱ्या कंत्राटदाराकडून ऐकले आणि पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकवणाऱ्या आईकडूनही ऐकले. प्रत्येक जण वेगळ्या कारणाने बोलत असतो. प्राध्यापकाच्या बोलण्यात थकवा असतो. कंत्राटदाराच्या बोलण्यात पगार कमी देण्याची सोय असते. आईच्या बोलण्यात मात्र आपण फसवले गेलो, ही भावना असते. या संपादकीयात मी त्या आईच्या बाजूने बोलणार आहे.

नेमके काय येत नाही ते आधी पाहू. शिबिराला येणाऱ्या कॉलेजातल्या मुलींना आम्ही नेहमी एक साधे काम देतो. वाडीवरचा नळ बंद आहे, ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. बहुतेक जणी भराभर लिहायला लागतात. ‘प्रति, माननीय सरपंच’, मग विषय, मग ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की’. इथवर अक्षर वळणदार, समास सोडलेला. मग पेन थांबते. खाली ‘आपली विश्वासू’ पुन्हा व्यवस्थित असते. मायना येतो, शेवट येतो, मधला मजकूर येत नाही. नळ कधीपासून बंद आहे, किती घरांना पाणी नाही, बायकांना किती लांब जावे लागते, आधी कुणाला सांगून झाले, हे तोंडी विचारले की त्याच मुली धडाधड सांगतात. म्हणजे माहिती आहे, राग आहे, भाषाही आहे. बोलणे कागदावर उतरवायची सवय नाही. बारा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात जाऊन ‘तुझ्या मनातली चार वाक्ये लिही’ असे त्यांना कुणी फारसे सांगितलेलेच नाही. त्यांच्या लेखी लिहिणे म्हणजे फळ्यावरचे किंवा गाइडमधले उतरवणे.

गणिताचेही असेच आहे. रानातली भाजी, करवंदे, जांभळे टोपलीत घेऊन स्टेशनबाहेर बसणारी आई वाट्यांचा आणि सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते. तिची कॉलेजात जाणारी मुलगी ‘१५ टक्के कपात’ असे कागदावर वाचले की मोबाइल काढते. मोबाइल भागाकार करून देतो, पण कशाला कशाने भागायचे ते सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते, आणि तिथेच ती अडते.

हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा, त्यात स्त्री-चळवळीने कशाला पडावे, असे काही मैत्रिणींना वाटेल. मला वाटते, हा आपल्या गाभ्याचा प्रश्न आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलले ते मुलींना प्रमाणपत्र मिळावे म्हणून नव्हे. त्या शिक्षणातून काय निघाले पाहा. फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेल्या, चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्म कुणाचा, अन्याय कुणावर, बाळंत होणाऱ्या आमच्या बायकांचे हाल कोण पाहतो, असे प्रश्न तिने त्यात विचारले. तिच्याजवळ मायना नव्हता, मजकूर होता. पावणेदोनशे वर्षांनी आपल्या मुलींजवळ पदवी आहे, आणि मधली जागा कोरी राहते आहे. हे कुणामुळे झाले, हे विचारणे आपले काम आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘पूर्वी सगळे चांगले होते’ हे खरे नाही. पूर्वी ज्यांना लिहिता येत नव्हते त्या मुली कॉलेजपर्यंत पोचतच नव्हत्या. सातवीत, नववीत शाळा सुटायची आणि लग्न व्हायचे. आज खांडस, कशेळे, कळंब भागातल्या मुली कर्जतला येतात, खालापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली खोपोली गाठतात. घरातली पहिली मॅट्रिक, पहिली पदवीधर अशा कितीतरी जणी त्यांत आहेत. दारे उघडली म्हणून दर्जा खालावला, असे म्हणणाऱ्यांना दारे पुन्हा लावायची असतात. त्यांच्या सुरात आपला सूर मिसळता कामा नये.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ साली देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तपासले. म्हणजे कॉलेजच्या दारात उभे असलेलेच हे वय. रायगडचे आकडे त्यात नाहीत, पण चित्र ओळखीचे आहे. या वयातली ८६.८ टक्के मुले-मुली कुठे ना कुठे शिकत होती. दुसरीच्या पुस्तकातला उतारा सुमारे पाव जणांना अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे फक्त ४३.३ टक्क्यांना जमले. २०१७ च्या तशाच पाहणीत हा आकडा ३९.५ होता, म्हणजे भागाकार थोडा सुधारला आणि वाचन थोडे घसरले. वाचनात मुली मुलांच्या पुढे होत्या, गणितात मागे. कर्जाची परतफेड किती होईल, हा हिशेब तर वजाबाकी येणाऱ्यांपैकीही दहात एखाद्यालाच जमला. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम आहे.

आता आपल्या दोन तालुक्यांत हे कुठे बोचते ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशवीत साधारण चार तऱ्हेचे कागद असतात.

पहिला कागद हक्कसोडपत्राचा. मुंबई-पुणे रस्ता झाला, फार्महाऊस आले, रिसॉर्ट आले, बिल्डर आले. भातशेतीच्या गुंठ्याला कधी नव्हे तो भाव आला. भाव आला तशी सासरी गेलेल्या बहिणींची आठवण झाली. साडीचोळी घेऊन भाऊ येतो, गाडीतून निबंधक कार्यालयात नेतो, ‘इथे सही कर’ म्हणतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केली, २००५ साली केंद्राच्या कायद्याने तो देशभर दिला, २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने मिळतो हे पुन्हा स्पष्ट केले. इतके सगळे झाल्यावर तो हक्क एका सहीने जातो. सही करणारी आता अंगठेबहाद्दर नाही, बी. ए. आहे.

हिशेब करून पाहू. समजा, वडिलांची स्वतःच्या नावावरची २ एकर १६ गुंठे जमीन आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. एकराचे ४० गुंठे, म्हणजे एकूण ९६ गुंठे. पाच वारस, प्रत्येकी १९ गुंठ्यांहून थोडे अधिक. गुंठ्याला अगदी एकच लाख धरला तरी एका मुलीचा वाटा १९ लाख २० हजारांचा झाला. यात पाचवीच्या पलीकडचे गणित नाही. तरीही साडी आणि पन्नास हजारांवर सही होते, कारण हा गुणाकार-भागाकार तिने स्वतःच्या सातबारावर कधी केलेला नसतो. माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडायचा की नाही, हा तिचा निर्णय. पण आपण किती सोडतो आहोत, हे तरी तिला कळलेले असावे.

ठाकूर, कातकरी मैत्रिणींना हा वारसा कायदा लागू नाही. त्यांच्या जमिनीचा प्रश्न वनहक्काच्या दाव्याशी येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्या दावेदाराच्या बाबतीत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद आहे. दावा लिहून द्यायचा, पुरावे जोडायचे, ग्रामसभेचा ठराव नीट लिहिला गेला का ते पाहायचे. ठरावाच्या वहीत बायकोचे नाव राहून गेले की पुढे पट्ट्यावरही राहून जाते. ती वही वाचणारी मुलगी वाडीवर असेल तर फरक पडतो.

दुसरा कागद कर्जाचा. दर आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता घेणाऱ्या कंपन्या गावोगाव पोचल्या आहेत. ‘बारा टक्के सरळ व्याज’ ऐकायला गोड लागते. दहा हजार घेतले, वर्षाचे बाराशे व्याज, बारा हप्त्यांत ११,२०० फेडायचे. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जायला लागते. वर्षभर तिच्या हाताशी सरासरी निम्म्याहून थोडेच जास्त पैसे असतात आणि व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर जाते. खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात येतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला की अशा कर्जाचा वार्षिक दर, सगळे खर्च धरून, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचा. नियम चांगला आहे. तो कागद घरातल्या कॉलेजातल्या मुलीने वाचावा आणि आईला समजावून सांगावा, एवढीच अपेक्षा आहे. ‘असर’चा तो आकडा सांगतो की दहा घरांतल्या नऊ घरी हे होणार नाही.

तिसरा कागद वीटभट्टीचा. तो कागदही नसतो, मालकाची वही असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाताना उचल घेतलेली, तिथे दर आठवड्याला खर्ची. समजा, उचल ४० हजार, २६ आठवडे ८०० रुपये खर्ची म्हणजे २०,८००, मिळून ६०,८००. नवरा-बायकोने ७० हजार विटा पाडल्या, हजारी ९०० रुपयांनी मजुरी झाली ६३ हजार. मालकाने २,२०० रुपये देणे निघाले. वहीत मात्र कुटुंबावरच काही हजार ‘फिरतात’, कारण फुटलेल्या, भिजलेल्या विटा वजा झाल्या, मधेच दवाखान्याला दिलेले चढले. ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. वहीतला हिशेब कुणी तपासत नसेल तर ती चालूच राहते. बाईची मजुरी तर नवऱ्याच्या नावात बुडालेली असते. तिच्या विटा किती, हे वहीत लिहिलेलेच नसते.

चौथा कागद तक्रारीचा, आणि तो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजात, कारखान्यात, रिसॉर्टमध्ये लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार लेखी द्यावी लागते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची, असेही कायद्यात आहे. पण पदवीधर मुलीला ‘मला लिहिता येत नाही, मदत करा’ म्हणण्याची लाज वाटते आणि तीन महिने निघून जातात. पोलीस ठाण्यात तोंडी सांगितलेले लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची, हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ‘त्याने मला मारले’ याचे ‘आमच्यात किरकोळ बाचाबाची झाली’ कसे होते, हे आपण पाहिले आहे. सही करण्याआधी तो फरक पकडणे आणि ‘हे वाक्य माझे नाही’ असे म्हणणे, मी ज्याला लिहिता-वाचता येणे म्हणते ते हे.

मग असे का झाले? मुली आळशी आहेत, मोबाइलमध्ये असतात, हे सोपे उत्तर आहे. कारणे त्यांच्या जन्माआधीपासूनची आहेत.

पहिले कारण भाषा. कातकरी घरातले मूल कातकरी बोलते, ठाकूर घरातले ठाकरी. पहिलीत गेल्यावर पुस्तकातली मराठी त्याला परकी असते आणि ‘अशुद्ध’ म्हणून पहिल्याच दिवशी तोंड बंद होते. ज्या मुलीला बोलण्याचीच लाज वाटते ती लिहील कशी? आकड्यांचेही तसेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचायची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टवाळी झाली! विधानसभेतही विनोद झाले. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर, संसार सांभाळत गणितात डॉक्टरेट केलेल्या आणि मुलांसाठी गणितावर सोपी पुस्तके लिहिणाऱ्या. त्यांचे म्हणणे साधे होते. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात, त्यात जोडाक्षरे, त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ होतो. ३६ आणि ६३ ची अदलाबदल होते. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकू येते आणि लिहायचे असतात साठ आणि नऊ. त्यांची सूचना कुणाला पटो न पटो, प्रश्न खरा होता. टवाळीत सूचनेबरोबर प्रश्नही वाहून गेला. नारळीकरबाई २०२३ साली गेल्या. आश्रमशाळेतली मुलगी अजून ‘एकोणसत्तर’वर अडते.

दुसरे कारण परीक्षा. निबंध पाठ, पत्राचा नमुना पाठ, ‘हमखास येणारे प्रश्न’ पाठ. त्यात करोनाची दोन वर्षे आली. डोंगरवाड्यांवर रेंज नव्हती, घरात एकच फोन असला तर तो भावाच्या हातात. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ही मुले २०२३ साली पदवीच्या पहिल्या वर्षाला आली. विद्यापीठाच्या परीक्षाही तेव्हा घरबसल्या, पर्यायावर खूण करायच्या झाल्या होत्या. पूर्ण वाक्य न लिहिता पास होता येते, हे सगळ्यांना कळले. फोनचा प्रश्न तर अजून आहे. ‘असर’च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे.

तिसरे कारण वर्गातली माणसे. मुंबई विद्यापीठात बी. ए.च्या एका तुकडीत १२० विद्यार्थी असतात. प्रत्येकाचे पानभर लिखाण दहा मिनिटे देऊन वाचायचे तर एका निबंधाला वीस तास लागतात. शिकवणारी बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, वह्या तपासल्याचे नाहीत. सुट्टीचेही नाहीत. २००१ साली राज्याने ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आणले तेव्हापासून शिक्षणाचा खर्च टाळण्याची सरकारला सवय लागली आहे. २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, हे चांगलेच झाले. पण फी माफ करून मुलीला वर्गात बसवले आणि तिची वही वाचणारे कुणी नेमले नाही, तर दिले काय?

चौथे कारण घर. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटे घरकामात जातात, पुरुषाची ८८. मुलगी पाणी भरून, भाकऱ्या थापून, एस. टी. किंवा टमटम पकडून कॉलेजला येते, संध्याकाळी पुन्हा चूल. लिहायला निवांत तास लागतो. तो तास घरात फक्त भावाला मिळतो.

आणि गणित? ‘मुलींना कशाला ते गणित, दहावी झाली की आर्ट्सला घाला.’ २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर अशी सोय मांडली गेली की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे त्या विषयांची वाट बंद. नापासाचा शिक्का लागून शाळा सुटू नये, हा हेतू मी समजू शकते. पण हा शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर जास्त पडेल? ज्या घरात मुलाला क्लास लावतात आणि मुलीला ‘पास झालीस तरी पुरे’ म्हणतात, तिथल्या मुलीच्या.

आता यंत्र आहे ना, असे हल्ली ऐकू येते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आता फोनला सांगितले की तो मराठीत अर्ज लिहून देतो. कारकुनी अर्जासाठी खुशाल वापरा. पण यंत्राला मायना उत्तम येतो. नळ कधीपासून बंद, किती जणींच्या डोक्यावर हंडे, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि तक्रारीच्या सुनावणीत समितीपुढे प्रश्नाला उत्तर द्यायला यंत्र उभे राहत नाही.

लिहिणे आणि मोजणे शोषितांच्या हाती आले की काय होते, याची उदाहरणे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत. माथेरानचे वकील भाई कोतवाल १९४३ साली सिद्धगडावर शहीद झाले, हे इथल्या शाळांत सांगतात. पण त्याआधी याच भागातल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला त्यांनी धान्यकोठी उभी केली आणि खेड्यांत शाळा काढल्या, हे कमी सांगितले जाते. धान्य आणि हिशेब दोन्ही आपल्या हातात हवे, हे त्यांना कळले होते. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरतेच्या वर्गात दारूविषयीचा धडा वाचला आणि त्या गुत्त्यावर चालून गेल्या. आंदोलन पसरत गेले आणि १९९३ साली तिथल्या सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या खेड्यात, शाळेने नापास करून हाकललेल्या आठ मुलांनी मिळून १९६७ साली आपल्या बाईंना पुस्तकभर पत्र लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून आपण वाचले आहे. कोण नापास होते आणि कुणाच्या घरची मुले पास होतात, याचे तक्ते त्या मुलांनी स्वतः मांडले. लेखन आणि गणित हे दोन्ही विषय त्यांना एकाच कामातून आले, कारण त्यांना काहीतरी सिद्ध करायचे होते.

आपल्या मुलींजवळही सिद्ध करण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून काही मागण्या आणि काही कामे मांडते.

कॉलेजांकडे मागायचे ते असे. आठवड्याला एक पान, स्वतःच्या शब्दांत, आणि ते कुणीतरी वाचलेले असावे. त्यावर गुण नकोत, दोन ओळींचा अभिप्राय हवा. पहिल्या मसुद्यात बोलीतले शब्द आले तर ते खोडू नयेत. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्य विषयांना जागा दिली आहे. त्या जागेत कला शाखेच्या मुलींना व्यवहाराचे गणित शिकवावे. त्यात सातबारा आणि गुंठे, व्याज आणि हप्ता, पगारपत्रक आणि त्यातली पीएफची कपात, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक असावे. सरकारकडे मागायचे ते म्हणजे शिक्षकांच्या जागा भरा आणि वह्या तपासणे हे काम आहे हे मान्य करून त्याचे पैसे द्या.

आपण करायचे ते असे. कर्जत आणि खोपोली, दोन्हीकडे महिन्यातून एक शनिवार कागद वाचायला बसू. जिला जो कागद आला असेल तो तिने आणावा, कॉलेजातल्या मुलींनी मोठ्याने वाचावा, आणि सगळ्यांना समजेपर्यंत पुढे जायचे नाही. एक नियम सगळ्या गटांत पाळू. कुठल्याही कागदावर त्याच बैठकीत सही करायची नाही, एक रात्र तो घरी आणायचा. मोर्च्याचे निवेदन एका कार्यकर्तीने लिहायचे आणि बाकीच्यांनी फक्त सह्या करायच्या, हेही नको. चार मुलींनी चार मसुदे लिहावेत आणि त्यातून एक तयार व्हावा. वेळ लागेल, लागू दे.

भट्टीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी दिवाळीआधी एक वेगळे शिबिर घेत आहोत. प्रत्येकीला एक वही मिळेल. तारीख, विटा, खर्ची, आणि एक रकाना आईच्या नावाचा. मे महिन्यात हिशेब होईल तेव्हा मालकाच्या वहीशेजारी ही वही ठेवायची.

पुढच्या अंकासाठी कॉलेजातल्या मुलींचे लिखाण हवे आहे. विषय तुमचा. ‘मी फुलपाखरू झाले तर’ नको. बस का चुकते, घरी लिहायला जागा कुठे मिळते, भावाच्या आणि तुमच्या शिक्षणावर घरात किती खर्च झाला, हे लिहा. खर्चाचे आकडे मांडून लिहा. बोलीत लिहिले तरी चालेल. शुद्धलेखन आम्ही पाहू, पण मजकुराला हात लावणार नाही. लिहिताना मध्येच अडलात तर शनिवारच्या बैठकीला कागद घेऊन या.